टेबल नंबर चारवरचा उत्तररंग

कीर्तनात झोप लागणं हे पाप की पुण्य, यावर जाणत्यांमध्ये मतभेद असतील. अमरावतीच्या गोविंदनगर कॉलनीत मात्र ते नव्हते. तिथं डुलकी घेणाऱ्याला नत्थुजी निंभोरकर स्वतः कोपरानं ढोसून उठवत. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ असलेले नत्थुजी हे कॉलनीतले पहिल्या नंबरचे श्रोते. कीर्तनकार मोठे असतातच. मोठा श्रोता ही चीज दुर्मीळ. बुवांनी अभंगाचा पहिला चरण उचलला की नत्थुजींची मान डोलू लागे, दुसऱ्याला डोळे मिटत, आणि तिसऱ्याला त्यांच्या तोंडून "वाऽ बुवा!" असं निघे की पेटीवाल्याचासुद्धा सूर सुधारे.

या कीर्तीचा सगळा पाया एका कीर्तनावर उभा होता. १९८४ साली चांदूर रेल्वे या गावी शेंदूरजनकर बुवांचं अखेरचं कीर्तन झालं. पूर्वरंगात निरूपण झालं, मग बुवांच्या गळ्यात हार पडला, आणि उत्तररंगाला, म्हणजे कथेला, त्यांनी सुदाम्याचं आख्यान लावलं. त्यात ते असं एक वाक्य बोलले की तीन हजार माणसं आधी हसली आणि मग ढसाढसा रडली. ते वाक्य कोणतं, हे ज्याला विचारावं तो सांगण्याऐवजी डोळे पुसायचा. असं करता करता लोकांनी रडणं जपून ठेवलं आणि वाक्य हरवून टाकलं. ऐकणारे एकेक करून वैकुंठाला गेले. उरले नत्थुजी. त्यांना कोणी विचारलं की ते छताकडे बघत म्हणायचे, "थे सांगाची गोष्ट नाई, बाप्पा. थे अनुभवा लागते."

खरी गोष्ट अशी, की तेव्हा वीस वर्षांच्या असलेल्या नत्थुजींनी बुवांच्या गळ्यात हार पडताना पाहिला, आणि त्यानंतर पाहिला तो एकदम सूर्य. मंडपाच्या बांबूला टेकून त्यांना जी झोप लागली, ती सतरंजी गुंडाळणारे त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचले तेव्हाच मोडली.

हे गुपित त्यांनी चाळीस वर्षं सांभाळलं. टपाल खात्यातल्या माणसाला बंद पाकिटाची सवय असते.

पण यंदा शेंदूरजनकर बुवांची जन्मशताब्दी आली, आणि कीर्तन मंडळाचा सेक्रेटरी योगेश एका सकाळी नत्थुजींच्या ओसरीवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभा राहिला. पत्रकावर बुवांच्या फोटोखाली जाड अक्षरांत छापलं होतं : 'प्रत्यक्ष साक्षीदार श्री. नत्थुजी निंभोरकर सांगतील बुवांचं ते अजरामर वाक्य!'

"अरे योगेश, मले विचारा तं लागत होतं!"

"तुमाले काय विचाराचं, काकाजी? तुमी नाईच म्हटलं असतं. मोठे मानसं नाईच म्हणतात."

"पण थे अनुभवा लागते ना रे..."

"मंग अनुभव द्या लोकायले. अकरा दिवस हायेत. तयारी करा."

नत्थुजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सुदाम्याची कथा त्यांना येत होती; ती कोणाला येत नाही? पण वाक्य कुठून आणायचं? स्वतः रचावं तर पाप. आणि शिवाय तीन हजार माणसांना रडवील असं वाक्य रचता येत असतं, तर त्यांची बढती पाच वर्षं अडली नसती.

दुसऱ्या दिवशी ते चांदूर रेल्वेला गेले. तिथं नव्वदीतल्या एका आजोबांना गाठलं. आजोबा म्हणाले, "तुमी होते ना तिथं? मंग मले कायले पुसता? मी तं त्या दिवशी सासुरवाडीले होतो." नत्थुजी उठणार, तेवढ्यात आजोबांना आठवलं. "पण कॅसेट हाये म्हणतात त्याची. अकोल्याले. जुन्या कापूस बाजाराच्या मांगं नंदनवन हॉटेल हाये, देवीदास शिवहरेचं. थो रोज दुपारी दोनले लावते."

नत्थुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. हॉटेलात रोज कीर्तन लावणारा माणूस! या कलियुगात!

आता वऱ्हाडात 'हॉटेल' या शब्दाचा अर्थ सकाळी आलुबोंडा असा होतो. दुपारनंतर तो कोणत्या अंगानं जाईल याचा नेम नसतो. हे नत्थुजींना एरवी माहीत होतं; पण भक्तीच्या भरात माणूस पाटीचा वरचा अर्धाच भाग वाचतो. त्यातून त्या पाटीचा खालचा अर्धा भाग कडुनिंबाच्या फांदीआड गेलेला. 'नंदनवन' तेवढं दिसत होतं. चैत्राचं ऊन असं, की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा विजेच्या खांबाच्या सावलीत अंग चोरून उभं. नत्थुजी एका चिंचोळ्या वाइन शॉपच्या बाजूनं, तिकडं तोंड फिरवून, "हरी हरी" म्हणत पुढं झाले आणि शेजारचं दार ढकलून आत शिरले.

आत वेगळंच जग होतं. वाळ्याची टट्टी लावलेला कूलर संथ घुमत होता आणि ओल्या वाळ्याचा वास असा पसरला होता, जणू कुठंतरी लांब नुकतीच जमीन भिजली आहे. हिरवे दिवे. पाच-सहा टेबलं. प्रत्येक टेबलावर एकेक वयस्क माणूस, तळ्यातल्या कासवासारखा निवांत. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बाहेरचं ऊन दाराच्या फटीतून एक बारीक सोन्याची काडी होऊन आत आलं होतं आणि फरशीवर पडून राहिलं होतं. नत्थुजींना वाटलं, देवळाचा गाभारा हिरवा असता तर असाच असता.

गल्ल्यावरचा पांढऱ्या मिशांचा माणूस जवळ आला. तोच देवीदास.

"या, बसा. चार नंबर खाली हाये. काय आणू?"

"एक चहा. साखर कमी."

"चहा नाई भेटत."

"मंग काय भेटते?"

देवीदासनं जी नामावळी सुरू केली, ती नत्थुजी सहस्रनाम ऐकावं तशी हात जोडून ऐकत राहिले. पाचव्या-सहाव्या नावाला त्यांचे जोडलेले हात आपोआप गळ्याशी गेले आणि तुळशीची माळ सदऱ्याच्या आत सरकली.

"हे... हे हॉटेल नव्हं?"

"हॉटेलच हाये ना, बाप्पा. परमिट रूमवालं."

नत्थुजी ताडकन उठले. आणि त्याच क्षणी गल्ल्यामागच्या जुन्या टेपमधून झांज वाजली. मग पेटी. मग तो आवाज. थोडा घोगरा, मधातून काढल्यासारखा : "जय जय रामकृष्ण हरी..."

नत्थुजी ताडकन बसले.

आणि मग त्यांनी जे पाहिलं, ते त्यांनी कॉलनीच्या मंडपातही कधी पाहिलं नव्हतं. नामाचा गजर सुरू होताच सगळ्या टेबलांवरचे ग्लास खाली ठेवले गेले. शेंगदाण्यांच्या बशा बाजूला सरकल्या. एकानं विडी विझवली. पाच-सहा म्हातारे अगदी हळू, तळहाताला तळहात लागतो न लागतो अशा टाळ्या वाजवू लागले. गजर संपला, तेव्हाच ग्लास उचलले गेले.

"कायदा हाये इथला," देवीदास लिंबूसोडा ठेवत हळूच म्हणाला. "नाम चालू असताना घोट नाई. माह्या बुढ्यापासून."

त्याच्या बुढ्यानंच, म्हणजे वडिलांनी, ती कॅसेट भरली होती. दारूवाल्यानं मंडपात कशाला बसायचं म्हणून बाहेर, बांबूच्या पलीकडं बसून. मरताना सांगून गेले, कॅसेट कोणाला द्यायची नाही. मागून नेलेली वस्तू वापस येत नसते.

"मले फक्त उत्तररंग ऐकाचा हाये. दुसरी बाजू लावता का?"

देवीदासनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी देशीत पाणी मागितलं होतं. "पूर्वरंगाबिगर उत्तररंग? पान खाऊन मंग जेवाले बसता का तुमी?"

हा मुद्दा, खरा श्रोता म्हणून, नत्थुजींना पटला. त्यांनी पूर्वरंग ऐकला. काय तो पूर्वरंग! नाम म्हणजे काय, हे बुवा समजावत होते आणि कूलर मागं तानपुऱ्यासारखा धरून होता. हिरव्या उजेडात नत्थुजी तरंगू लागले. सोडा, सोन्याची काडी, कासवं, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं झालं. बुवांच्या गळ्यात हार पडला. देवीदासनं कॅसेट उलटली. खट् असा आवाज झाला.

पुढचा आवाज नत्थुजींनी ऐकला तो देवीदासचा : "उठा, काकाजी. साडेचार झाले."

चाळीस वर्षांत माणूस कुठल्या कुठे जातो. झोप मात्र त्याच जागी वाट बघत असते.

दोन दिवसांनी ते पुन्हा गेले. घरी सांगितलं, "अकोल्याले, बुवायच्या कामानं." हे खोटं नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. या वेळी ते मोबाईल घेऊन, टेबलावर उताणा ठेवून, रेकॉर्डिंग चालू करून बसले. आता झोप आली तरी काय बिघडतं? ती आलीच. मोबाईलचं पोट मात्र नवव्या मिनिटालाच भरलं, हे त्यांना परतीच्या बसमध्ये कळलं. जेवढं आलं तेवढं तरी जपावं म्हणून त्यांनी ते स्वतःलाच पाठवलं, वर लिहिलं, 'बुवांचा पूर्वरंग. शांत चित्ताने ऐकावे', आणि मूर्तिजापूरच्या खड्ड्यात बस आदळली तेव्हा अंगठा एक ओळ खाली पडला. रेकॉर्डिंग हरिकीर्तन मंडळाच्या ग्रुपवर गेलं. एकशे बारा भाविकांनी ते शांत चित्तानं ऐकलं. त्यात बुवा अजून यायचेच होते. होतं ते एवढंच : "दोन नंबरले क्वाटर. अन् चार नंबरवरच्या आपल्या माळकरी काकाजीले शेंगदाणे जास्त दे, आज दुसऱ्यांदा आले थे."

नत्थुजी घरी पोहोचले तेव्हा ओसरीवर चपलांचा ढीग होता.

समोरच्या स्वप्निलनं व्यसन सोडवणाऱ्या एका बाबाचा पत्ता आणला होता. तो वरणात कालवायची पुडी देतो आणि पिणाऱ्याला पत्ता लागत नाही, हे त्यानं पिणाऱ्यासमोरच सविस्तर सांगितलं. निवृत्त हेडमास्तरांचं म्हणणं, की एकसष्टाव्या वर्षी सुरुवात केली असेल तर काळजी नको, लिव्हर कोरं आहे. योगेश भिंतीला टेकून फक्त बघत होता. त्याच्या डोळ्यांत हजार पत्रकं होती.

"काकाजी, एकच सांगा. तुमी तिथं काय करत होते?"

आता गंमत पाहा. नत्थुजींनी "झोपलो होतो" एवढं म्हटलं असतं तर गोष्ट मिटली असती. पण मोठा श्रोता कीर्तनात झोपला, हे बाहेर पडण्यापेक्षा तो बारमध्ये बसला हे बाहेर पडलेलं परवडलं! दारुडा सुधारला तर लोक त्याची गोष्ट सांगतात. झोपाळू श्रोत्याचं काय सांगतील? ते गप्प राहिले. मंडळी माना हलवत गेली.

मग त्यांची बायको गोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसली.

"तुमी प्याले?"

"नाई."

"मले मालूम हाये नाई प्याले. पेलेला माणूस बोलते. तुमी गप्प बसले. मंग कावून जाता तिथं?"

"...बुवाले ऐकाले."

"मंग ऐकलं?"

नत्थुजींनी तांब्या उचलला आणि एका दमात रिकामा केला. गोदाबाई उठताना एवढंच बोलली, "बेवड्याची बायको म्हणून मी मिरवीन एक वेळ. पण तुमी काई लपवून राहिले, थे नाई सहन होत मले."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नत्थुजी तिसऱ्यांदा नंदनवनात शिरले, आणि चार नंबरच्या टेबलावर बसून देवीदासला सगळं खरं सांगून टाकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते पाकीट फुटलं, आणि तेही कुठं, तर बारमध्ये. टेप दुरुस्त करणारे गयासुद्दीनभाई शेजारी पेचकस घेऊन बसले होते. ते आयुष्यात कधी प्याले नव्हते. रोज येत ते टेपच्या तब्येतीसाठी, स्वतःचा चहा थर्मासात घेऊन.

"इत्तीशी बात?" ते म्हणाले. "नींद आयी, मय चिमटा लेता. फिकर मत करो, भाऊ."

पूर्वरंगात नत्थुजींनी सात चिमटे खाल्ले. हार पडला. कॅसेट उलटली. खट्. नत्थुजी जागे होते! सुदामा द्वारकेहून परत निघाला होता आणि नत्थुजी त्याच्यासोबत पावलापावलानं चालत होते. तोच दार उघडलं. उन्हाचा मोठा चौकोन आत पडला, आणि त्यात एक्साइजचे साहेब उभे.

"बसलेल्या सगळ्यायनं परमिट काढा."

कासवांनी खिशातून परमिटं काढली. नत्थुजींनी आधार कार्ड काढलं.

"हे नाई चालत. परमिट?"

"साहेब, मी लिंबूसोडा पिऊन राहिलो."

"परमिट रूममध्ये बसले ना? मंग मी कागदावर काय लिवू, लिंबूसोडा?" साहेबांनी देवीदासकडून एका दिवसाच्या परवान्याचं पुस्तक घेतलं. "नाव?"

"नत्थुजी... साहेब, सुदामा वेशीपाशी आला."

"वडिलाचं नाव?"

"जरा थांबा ना, साहेब, पाया पडतो."

"यात लिवलं हाये, आरोग्य टिकवाले दारूची गरज हाये म्हणून. इथं सही." मग साहेबही थांबले. पेन हवेत राहिलं. टेपमधून बुवा सांगत होते :

"महाल पाहून सुदामा भेदरला. बायको धावत आली, म्हणते, एवढं काय मागतलं हो देवाले? सुदामा म्हणते, अवो, पोहे खाता खाता मागाचं राहूनच गेलं! बायको म्हणते, बरं झालं राहून गेलं. मागतलं असतं, तं मागतलं तेवढंच भेटलं असतं..."

मंडप शांत झाला. बारही. आणि त्या शांततेत, टेपवर, बांबूच्या अगदी जवळून, एक घोरणं ऐकू आलं. सुरुवातीला बारीक शिट्टी, मग बैलगाडी पुलावरून जावी तसा गडगडाट.

तीन हजार माणसं हसली. बुवांचा आवाज पुन्हा आला, हसू आवरत : "हसू नोका. थो पाहा, बांबूले टेकला थो. सकाळपासून इहिरीवरून पाणी ओढून राहिला होता, माह्या आंघोळीचं बी त्यानंच आणलं. देवाच्या दारात आला अन् मागाचं राहून गेलं त्याचं. दुसरा सुदामा हाये थो. उठवू नोका कोणी. झोपू द्या त्याले."

मग टेपवर फक्त हुंदके होते. पुष्कळ वेळ.

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. गयासुद्दीनभाईंनी पेचकस खाली ठेवला. नत्थुजींनी परवान्यावर सही केली. कुठं केली हे त्यांना दिसलं नाही.

बसमध्ये हळूहळू त्यांचं डोकं ठिकाणावर आलं. वाक्य सापडलं होतं! उद्या सांगता येणार होतं! आणि घोरणाऱ्याचं नाव तर बुवांनाही माहीत नव्हतं. "एक पोरगा घोरत होता" एवढं म्हटलं की झालं. अब्रूही राहील आणि अनुभवही देता येईल. या विचारानं त्यांना बडनेऱ्यापर्यंत फार बरं वाटलं. बडनेऱ्यानंतर बरं वाटेना. बुवांचे शब्द आपल्या तोंडून काढायला त्यांची जीभ उचलेना. शेवटी त्यांनी देवीदासला फोन लावला.

"मी नाई सांगू शकत रे. तूच टेप घेऊन ये."

"कॅसेट बाहेर नाई जात, काकाजी. अन् आमी दारूवाले..."

"ज्यायच्या दुकानात नाम चालू असताना घोट घेत नाई, थे बाहेर बसतील, तं आत बसाचं कोणी?"

पलीकडून, कूलरच्या घुमण्यातून, देवीदासचा आवाज आला, "किती वाजता येऊ?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोविंदनगरच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक बुवांसाठी आले होतेच; थोडे नत्थुजी कसे उभे राहतात हे बघायलाही आले होते. देवीदास टेप छातीशी धरून मंडपाच्या दाराशी थबकला, तेव्हा नत्थुजींनी त्याला दंडाला धरून पुढं आणलं आणि पहिल्या रांगेत स्वतःशेजारी बसवलं. गयासुद्दीनभाईंनी वायर जोडली. योगेशनं माईक पुढं केला. नत्थुजी एवढंच बोलले, "मी काई सांगत नाई. बुवाच सांगतील." आणि चटकन खुर्चीत बसले. घोरणाऱ्याचं नाव त्यांनी शेवटी पोटातच ठेवलं. टेपला थोडंच माहीत होतं?

वेस आली. महाल आला. मागायचं राहून गेलं. मंडपात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता झाली, आणि चार मोठ्या स्पीकरांमधून घोरणं निघालं. आधी शिट्टी. मग पुलावरची बैलगाडी.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गोदाबाईचा आवाज आला. ती मुद्दाम बोललीच नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारानं आपोआप बोलून टाकलं.

"अवो माय! हे तं आमचे हायेत!"

मंडप कोसळला. चौऱ्याऐंशी सालातलं हसणं आणि आताचं हसणं एकात एक मिसळलं. कोणतं कुठलं, कळेना. हेडमास्तर हसता हसता खुर्चीवरून सरकले. योगेश डोळे फाडून नत्थुजींकडे पाहत होता. गोदाबाईनं पदर तोंडाला लावला होता, आणि पदराच्या वर तिचे डोळे भरून आले होते.

"हसू नोका," स्पीकरमधून बुवा म्हणाले, आणि आख्खा मंडप चूप झाला. "उठवू नोका कोणी. झोपू द्या त्याले."

नत्थुजींनी लाजेनं मान खाली घातली आणि डोळे गच्च मिटून घेतले. कोणी हुंदके देत होतं, कोणी नाक ओढत होतं, देवीदासचा हात त्यांच्या हातावर होता. आता झोप लागेल तर किती बरं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण बुवांचा उत्तररंग चालू असताना, चिमट्यांशिवाय आयुष्यात पहिल्यांदाच, ती काही येईना.